दोन पाद्री आणि एक संसार

गेल्या वर्षी रेव्हरंड टिळकांची एक कविता मी वर्गात शिकवीत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, टिळक पाद्री होते ना? मग त्यांना लक्ष्मीबाई कशा? आमच्या आजोळी, वसईला, फादर लग्न करीत नाहीत.” वर्ग हसला. “टिळक प्रॉटेस्टंट, तुझे फादर कॅथलिक,” असे सांगून मीही वेळ मारून नेली. पण उत्तर दिले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, हे मास्तरकी करणाऱ्याला कोणी सांगावयास नको.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी थोडी चाळवाचाळव केली, तेव्हा ध्यानात आले की, ही अट ख्रिस्ताने घातलेली नाही. पेत्राला सासू होती, म्हणजे बायकोही होती, हे शुभवर्तमानातच आहे. पौलाचे म्हणणे मात्र असे की, अविवाहिताचे चित्त प्रभूच्या कामी लागते, विवाहिताचे दुभंगते. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने धर्मगुरूंना, ते विवाहित असले तरी, संयम पाळावयास सांगितले. चर्चच्या जमिनी धर्मगुरूंच्या मुलांच्या वारशात जातील, ही रोकडी धास्तीही पुढे त्यात मिसळली. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरविले. ल्यूथरने १५२५ साली लग्न करून त्या नियमाला उघड आव्हान दिले. आणि गंमत अशी की, पोपलाच मानणाऱ्या कित्येक पौर्वात्य चर्चांत विवाहित पुरुषाला आजही दीक्षा मिळते. म्हणजे ही शिस्त आहे, सिद्धान्त नव्हे.

परंतु नियमाचा इतिहास कळला म्हणून नियम पाळणारा माणूस कळत नाही. त्यासाठी मी कादंबऱ्यांकडे वळलो, आणि आधी निराशाच झाली. पाद्र्याचे ब्रह्मचर्य म्हटले की, बहुतेक कादंबरीकारांना त्याचा भंग तेवढा दिसतो. पोर्तुगालच्या एसा द केरोशचा फादर आमारो (१८७५) घ्या, नाही तर कॉलीन मॅकलोच्या ‘द थॉर्न बर्ड्‌स’मधला (१९७७) फादर राल्फ घ्या. पाऊल घसरले की कादंबरी उभी राहिली! पहिली जळजळीत उपरोधाने लिहिली आहे, दुसरी रंगतदार आहे. पण व्रत कशासाठी होते, ह्याचा शोध मला दोहोंतही पुरेसा सापडला नाही.

तो सापडला ग्रॅहम ग्रीनच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’मध्ये (१९४०). मेक्सिकोतील टबास्को प्रांतात गारिदो कानाबाल ह्या गव्हर्नरच्या राजवटीत, लग्न करील त्याच पाद्र्याला धर्मकार्याची मुभा, असा विलक्षण कायदा झाला होता. १९३८ साली ग्रीन तिकडे हिंडून आला, आणि त्यातून हे दोन पाद्री जन्मले. पाद्रे होसे जिवाच्या भीतीने लग्न करून सरकारी पेन्शन खात बसला आहे. दुसरा, ज्याला लेखकाने नावसुद्धा दिलेले नाही, तो दारुडा आहे, व्रतभ्रष्ट आहे, त्याला एक मुलगी आहे. पण लोकांनी बोलावले की मरण समोर दिसत असूनही जातो तो हा दुसरा. सुरक्षित प्रांतात पोहोचल्यावरही एका मरणोन्मुख गुन्हेगाराचे पापनिवेदन ऐकण्यासाठी तो परत फिरतो. बोलावणे हा सापळा आहे हे त्याला कळते, तरी जातो, आणि गोळीला बळी पडतो.

कादंबरीचे मर्म मृत्यूच्या आदल्या रात्री आहे. तो आपल्या मुलीसाठी प्रार्थना करतो आणि त्याच्या लक्षात येते, हे प्रेम आपल्याला जगातल्या प्रत्येक जिवाविषयी वाटावयास हवे होते. ब्रह्मचर्याचा अर्थ याहून चांगला कोणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही. पण पाहा, प्रेम म्हणजे काय हे त्याला शिकविले कोणी? ज्या पोरीचा जन्मच व्रतभंगातून झाला, तिने! ग्रीन हा पेच सोडवीत नाही, ह्यातच त्याचे मोठेपण आहे.

त्याचा उणेपणाही सांगितला पाहिजे. होसेच्या बायकोला त्याने मन दिलेले नाही. ती नवऱ्याला निजावयास हाका मारणारे एक हास्यचित्र होऊन बसते. दोष होसेच्या भित्रेपणाचा, पण वाचक हसतो त्याच्या लग्नाला. पाद्र्याच्या बायकोला मन असते हे पाहावयाचे तर आपल्या ‘स्मृतिचित्रां’कडेच यावे लागते.

सगळ्या जगाचा होऊन बसलेल्या माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. हाती आलेला पैसा टिकत नाही, नवरा केव्हा कोठे निघून जाईल ह्याचा नेम नाही. आणि १९१७ साली तर ह्या संसारी पाद्र्याने संन्यासच घेतला! एखाद्या पोपने ते पुस्तक वाचले असते, तर ‘बघा, आम्ही म्हणत होतो तेच खरे’ असे म्हणाला असता. पण मला पान उलटताना दुसरेच दिसते. टिळक जगाचे झाले, ते घर बाईंनी सांभाळले म्हणून. दुष्काळातली पोरकी मुले घरी आली, त्यांना जेवू घालणारे हात कोणाचे होते?

२०१९ साली रोममध्ये भरलेल्या ॲमेझॉनविषयक धर्मसभेत बहुसंख्य बिशपांनी, त्या दुर्गम भागासाठी विवाहित पुरुषांना दीक्षा देता यावी, अशी सूचना केली. २०२० च्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी ती वाट मोकळी केली नाही. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच वाटते की, लग्न न करणारा फादर त्यागाची किंमत स्वतः मोजतो; लग्न करणाऱ्याच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी मोजते, आणि तिचे नाव क्वचितच छापले जाते.

हे सारे त्या मुलाला सांगावे म्हणून एका रविवारी त्याला घरी बोलावले. तो आणखी चौघांना घेऊन आला. आतून पाच पेले चहा आला, आणि पाठोपाठ प्रश्न आला, “आज तरी आपल्या घरच्यांसाठी सुट्टी आहे का?”

मी पुस्तक मिटले.