चार खाचा आणि उरलेले जग

कोलाड-रोहे भागात हळदीचा मांडव बेंजोशिवाय भरत नाही, आणि बेंजोच्या शेजारी आता की-बोर्ड असतोच. जुना रोलंड एक्सपी-६० किंवा एक्सपी-८० वाजवणारा भेटला, की त्यात कार्ड कोणते टाकावे हा वाद हमखास निघतो. वरवर तांत्रिक वाटणारा हा वाद मला अभिरुचीचा वाटतो.

कार्ड म्हणजे ध्वनिमुद्रित नमुन्यांची ८ मेगाबाइटची छोटी पाटी. यंत्रात खाचा चार, आणि ‘एसआर-जेव्ही८०’ मालिकेतली कार्डे वीसच्या आसपास. मालिकेची यादी एखाद्या संपादित निवडसंग्रहासारखी वाचावी. एकट्या पियानोला एक पूर्ण कार्ड, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन, साठ-सत्तरच्या दशकांतल्या की-बोर्डांना एक. अवघ्या आशियालाही एकच. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ यादीतही हाच न्याय दिसतो: १२८ आवाजांत गिटारला आठ जागा, आणि ‘एथ्निक’ म्हणून बाजूला काढलेल्या उरलेल्या जगालाही आठच. तिथे सितार १०५ वी, शहनाई ११२ वी. मधे बॅगपाइपसुद्धा आहे.

आपल्याकडचा गिऱ्हाईक साहजिकच आधी ‘वर्ल्ड’ किंवा ‘एशिया’ मागतो. सुटा स्वर दाबला की सितार ऐकू येते आणि मन भरते. पण मींड घेऊन पाहा. खऱ्या सितारीत तार ओढली की तारेचा स्वर चढतो, भोपळ्याचा घुमारा मात्र जागचा हलत नाही. यंत्रात पट्टी वाकवली की तार आणि भोपळा दोन्ही एकदमच चढतात. जणू वाजवता वाजवता वाद्य आकसत जाते. डग्ग्याचेही तसेच. तळहाताच्या दाबाने घुमारा दर वेळी वेगळा वळतो. कार्डात त्याचे एकच वळण गोठलेले असते. हा दोष मुद्रणाचा म्हणता येणार नाही. वाद्य म्हणजे सुट्या स्वरांची बेरीज, या समजुतीचा तो आहे. पियानोला ती समजूत बऱ्यापैकी मानवते, म्हणून पियानोचे कार्ड चांगले निघते.

नावांचा घोळ याहून मजेदार आहे. यादीतला १०६ वा ‘बॅन्जो’ अमेरिकन, चामडे ताणलेला. आपला बेंजो त्याच्या गोत्रातलाच नव्हे. टंकयंत्रासारख्या कळांचा हा बुलबुलतरंग जपानी ‘ताइशोगोतो’चा वंशज, मोरिता गोरो यांनी ते वाद्य १९१२ साली नागोयात घडवले. १९९९ च्या ‘जनरल मिडी २’ मध्ये ‘कोतो’च्या पोटात ‘ताइशो कोतो’ हा उपप्रकार आहे. बेंजोवाल्याने बेंजो शोधावा आणि त्याला अमेरिकेतले वाद्य मिळावे, आणि त्याचा जवळचा नातलग शेजारीच जपानी नावाने बसलेला असावा! पाटीवरचे नाव वाचून कार्ड घेऊ नये, ते एवढ्यासाठी.

मग घ्यावे काय? मांडवात बेंजो, ताशा, ढोल हाताने वाजतातच. त्यांची नक्कल कार्डातून आणण्यात पैसा घालवू नये. तिथे उणीव असते ती खालच्या भरावाची. म्हणून माझ्या मते पहिली खाच ‘बास अँड ड्रम्स’ची, दुसरी ‘सेशन’ची. तिसरीत वाद्यवृंदाचे एक कार्ड पुरे. लग्नाच्या गाण्यांत तंतुवाद्यांचा पडदा लागतोच. मात्र जाड पडद्याची किंमत मोजावी लागते. या यंत्रांत एका वेळी ६४ ध्वनी वाजतात आणि एका पॅचमध्ये चार थर असू शकतात. चारही थर वापरले तर सोळा स्वरांनंतर आधीचे स्वर तुटू लागतात. भर हळदीत ते सगळ्यांना कळते.

चौथ्या खाचेत ‘एशिया’ टाकायला हरकत नाही, पण सितारीसाठी नव्हे, जे वाद्य इथल्या कुणाच्याच हाताशी नाही त्यासाठी. ही कार्डे आता जुन्या बाजारातच मिळतात. नंतरची एसआरएक्स कार्डे या खाचांत बसत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे. विकणारा सुटे स्वर वाजवून दाखवील. त्याला मंद्र सा पासून तार सा पर्यंत एकच आवाज सावकाश चढवायला सांगावे, आणि भोपळा कुठे आकसतो ते ऐकावे.