‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय? जुन्या गाडीची सीट आणि आपला रिसर्च प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना रिसर्च प्रश्न एका वाक्यात सांगता येतो. पण समोरच्याने त्यातला एक शब्द पकडून "म्हणजे काय?" असं विचारलं की गाडी अडते. माझीही अडली होती. आज असाच एक शब्द पकडू: ‘ओरिजिनल’.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "सीट करताना ओरिजिनल भागच घ्या, रेप्रो ते रेप्रो." रेप्रो म्हणजे जुन्या भागाचा नमुना धरून आज नव्याने बनवलेला भाग. समोरचा पक्षही तेवढाच ठाम असतो: "जुनं कुजलेलं कशाला? रेप्रो टाका, दिसायला तेच आणि टिकेल जास्त." मला हे दोन्ही दावे कच्चे वाटतात, आणि कारण एकच आहे. कोणीच सांगत नाही की नेमकं काय मोजायचंय.

आधी माझी चूक

कोल्हापुरात माझ्या मामांकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या वर्षी त्यांनी मागची सीट उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्याकडे दिली. मी सुट्टीत घरी होते, म्हणून सोबत गेले. कारागिराने कव्हर उसवलं. खाली गोणपाट, त्याखाली स्प्रिंगा, आणि गोणपाटावर काथ्याचा दबून चपटा झालेला थर. मामा म्हणाले, "बघ, हा कंपनीचा माल! आता कुठं मिळतो असा?" कारागीर हसून म्हणाला, "ताई, हे कंपनीचं नसंल. एकदा तरी उसवलंय हे."

दोघांपैकी कोण बरोबर? मी पॉलिमरवर काम करते, लॅबमध्ये उपकरणं आहेत, उत्तर शोधायला पाहिजे होतं. पण तेव्हा मी फक्त फोटो काढला आणि चहा प्यायला गेले. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा काथ्या, गोणपाट, जुनं रेक्झिन सगळं भंगारात गेलेलं. कारागिराची चूक नव्हती, ठेवा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. आता तो प्रश्न त्या सीटपुरता कायमचा बंद झाला. नवीन कव्हर दहा वेळा बदलता येईल, पण फेकलेलं सॅम्पल परत येत नाही.

सीट ही एक वस्तू नाही

‘ओरिजिनल की रेप्रो’ या वादातली पहिली गफलत इथे आहे. सीट म्हणजे थरांची रचना. लोखंडी सांगाडा, स्प्रिंगा, त्यावर गोणपाटासारखं कापड, मग भरण, मग कव्हर, आणि हे सगळं धरून ठेवणारा दोरा, पायपिंग, तारेच्या कड्या. प्रत्येक थर वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वेगाने म्हातारा होतो.

सांगाडा गंजतो, पण गंज काढून, वेल्डिंग करून बहुतेक वेळा वाचतो. स्प्रिंगा थकतात. भरणाचं नशीब ते कशाचं आहे यावर ठरतं. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये आणि अनेक मर्सिडीजमध्ये रबर मारलेल्या काथ्याच्या किंवा केसांच्या गाद्या होत्या. त्यातलं रबर ऑक्सिजनमुळे कडक होतं आणि गादीचा भुगा पडायला लागतो. पॉलियुरेथेन फोमचेही दोन प्रकार. पॉलिएस्टर जातीचा फोम दमट हवेत पाण्यामुळे तुटतो, पॉलिइथर जातीचा उजेडाने आणि ऑक्सिजनने. म्हणजे कोकणातली गाडी आणि विदर्भातली गाडी, दोन्हींत ‘ओरिजिनल फोम’ असला तरी दोघांची कहाणी सारखी नसणार.

आता ‘ओरिजिनल’ या शब्दाचे अर्थ वेगळे काढा. एक, त्या गाडीत कारखान्यातून बसून आलेला भाग. दोन, त्या काळात बनलेला पण दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग. तीन, त्या काळात बनून कधीच न वापरलेला, खोक्यात पडून राहिलेला भाग. चार, आज बनलेला पण त्याच पदार्थाचा आणि त्याच पद्धतीने केलेला भाग. बाजारात पहिल्या तिघांना सर्रास ‘ओरिजिनल’ म्हणतात आणि चौथ्याला रेप्रो. पण बसणाऱ्याच्या पाठीला विचारलं तर चौथा कदाचित १९७८ च्या सीटच्या सर्वांत जवळचा वाटेल.

खोक्यातल्या भागाबद्दल तर खास सांगायला हवं, कारण त्याला सर्वांत जास्त भाव असतो. "वापरलेलाच नाही, म्हणजे नवा!" रसायनशास्त्र असं मानत नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लास्टिसायझर घालून ते मऊ करतात. हा प्लास्टिसायझर साखळ्यांना रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, तो हळूहळू बाहेर येत राहतो. आधी पृष्ठभाग चिकट लागतो, पुढे कव्हर आखडतं आणि घडीवर तडकतं. त्यासाठी कोणी बसावंच लागतं असं नाही. खोक्यातही घड्याळ चालूच असतं.

जुनं विरुद्ध नवं: ही तुलनाच बिघडलेली

"ओरिजिनल कव्हर पंचेचाळीस वर्षं टिकलं, रेप्रो पाच वर्षांत फाटलं." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यात तुम्हाला काय खटकतं ते दोन मिनिटं थांबून लिहून काढा.

मला तीन गोष्टी खटकतात. पहिली, आपल्याला फक्त टिकलेली कव्हरं दिसतात. जी १९८५ लाच फाटली ती कधीच भंगारात गेली, ती आपल्या सॅम्पलमध्ये नाहीत. दुसरी, नव्या कव्हरखाली बहुतेक वेळा जुनी थकलेली गादी तशीच असते. कव्हर खोलगट जागी ओढलं जातं, शिवणीवर ताण येतो आणि दोष मात्र कव्हरला लागतो. तिसरी, ‘रेप्रो’ हा एक पदार्थ नाही. फोर्ड मस्टँगच्या १९६५ च्या सीटवरचे दौडणारे घोडे उठावात हुबेहूब उतरवणारं कव्हरही रेप्रो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मापाने कापलेलं रेक्झिनही रेप्रो. या दोन्हींची सरासरी काढून काय कळणार?

उलट बाजूही तपासू. "रेप्रो तसंच आहे" म्हणणारे बहुतेक वेळा रंग, पोत आणि शिवणीच्या रेषा पाहतात. गादीचा कडकपणा मोजायची रीत आहे: ठरावीक गोल तबकडीने फोम त्याच्या जाडीच्या २५ किंवा ४० टक्के दाबायला किती बल लागतं ते पाहायचं. फोम ७० अंश सेल्सिअसला २२ तास दाबून ठेवून तो कितपत परत उठतो, ही चाचणीही प्रमाणित आहे. विकणाऱ्याला हे दोन आकडे विचारून पाहा. ते नसतील, तर "तसंच आहे" हे फक्त दिसण्याबद्दलचं विधान आहे. गादी कडक झाली की चालक उंच बसतो, स्टीअरिंग आणि आरसा दोन्हींशी त्याचं नातं बदलतं.

आणि काही ठिकाणी ‘तसंच’ असणं नकोच असतं. अमेरिकेत गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेचा नियम १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला: पदार्थ मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. त्याआधीच्या गाड्यांना ही अट नव्हती. म्हणून १९६५ च्या गाडीत आजचं ही चाचणी पास झालेलं कापड बसवणं म्हणजे अस्सलपणात थोडी तडजोड, आणि जिवाच्या बाजूने मोठी. ही तडजोड मी करीन. पण केली हे लिहून ठेवीन.

रेक्झिन: शब्द तोच, पदार्थ बदलला

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तो मुळात एका ब्रिटिश मालाचा ब्रँड. ते होतं सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेलं कृत्रिम चामडं. आज कुशनवाल्याकडे ‘रेक्झिन’ मागितलं तर मिळतं पीव्हीसी. शब्द तोच राहिला आणि आतला पदार्थ बदलला. इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये हे लगेच कळतं. सेल्युलोज नायट्रेटच्या नायट्रो गटाचे पट्टे १६५० आणि १२८० च्या आसपास येतात. मऊ केलेल्या पीव्हीसीत एस्टरचा पट्टा १७२० च्या जवळ आणि कार्बन-क्लोरीनचे ६०० ते ७०० मध्ये. तेव्हा १९३० च्या दशकातल्या एखाद्या गाडीबद्दल कोणी "ओरिजिनलसारखंच रेक्झिन घातलंय" म्हणालं, तर पुढचा प्रश्न तुम्हाला कळलाच असेल.

नियम काय म्हणतात, काय म्हणत नाहीत

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, ‘ट्युरिन सनद’ आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेवरून तिची प्रेरणा घेतलेली आहे. तिचं मला आवडतं ते हे की ती जतन आणि पुनर्स्थापना या गोष्टी वेगळ्या करते, बदललेल्या भागांवर न खुपणारी पण कायमची खूण करा म्हणते, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा म्हणते. म्हणजे रेप्रो वापरण्यात पाप नाही, रेप्रो लपवण्यात आहे. प्रयोगवहीचाही हाच नियम.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मामांचा डोळा २०२८ वर आहे. पण या व्याख्येत मोठा बदल म्हणून नाव घेतलंय ते चॅसी, बॉडी आणि इंजिन यांचं. सीटचं नाही. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. तोटा इतकाच की ‘मूळ रूप’ म्हणताना आतल्या भागांकडे कोणी पाहत नाही, आणि गाडीतला सगळ्यात आधी नाहीसा होणारा पुरावा तोच असतो.

पुढची सीट

सुदैवाने मामांची पुढची सीट अजून उसवलेली नव्हती. या दिवाळीत आम्ही ती घरच्या अंगणात उघडली, सावकाश. सांगाड्यावर कड्या अडकवल्याच्या खुणा दोन ठिकाणी होत्या, शेजारी शेजारी. म्हणजे कव्हर आधी एकदा तरी बदललेलं. कारागीर बरोबर असण्याची शक्यता वाढली, निदान या सीटपुरती. मामांचा चेहरा थोडा उतरला.

मी दोन बारीक तुकडे घेतले: एक उन्हात राहिलेल्या वरच्या भागातला, एक आत दुमडलेल्या काठाचा. पदार्थ एकच, वय एकच, उजेड आणि घासणं वेगळं. कंट्रोल त्या सीटच्या आतच दडलेला होता. दोन्ही पीव्हीसी निघाले, आणि वरच्या तुकड्यात एस्टरचा पट्टा तुलनेने कमी उंचीचा आला. प्लास्टिसायझर गेला असावा. ‘असावा’ म्हणते, कारण हे तंत्र पृष्ठभागाचा जेमतेम एकदोन मायक्रॉन पाहतं, आणि मामा त्या सीटला वर्षानुवर्षं पॉलिश लावतात. शिवाय हे कव्हर १९७८ चं की १९८८ चं हे या स्पेक्ट्रमवरून ठरत नाही. दोन्ही साली पीव्हीसीच होतं.

शेवटी ठरलं ते असं: सांगाडा आणि स्प्रिंगा तशाच. कव्हर तडकलेलं नाही, म्हणून तेच परत. बसलेलं भरण तेवढं नवीन, आणि त्याच्या खालच्या बाजूला तारखेची चिठ्ठी शिवलेली. जुनं भरण लेबल लावून पिशवीत, माळ्यावर. मामी म्हणाल्या, "अगं, भंगार कशाला साठवतेस?" मामांनीच उत्तर दिलं, "असू दे गं. तिला लागतंय ते."

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या प्रपोझलमधलं ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘मूळ’ यांतलं जे विशेषण असेल ते अधोरेखित करा. त्याखाली लिहा: कोणत्या थराचं, कोणत्या गुणधर्माचं, कशाच्या तुलनेत, कसं मोजणार. चारही रकाने भरले तर ते विशेषण ठेवा. नाही भरले तर गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच ते काढून टाका. आणि काहीही उसवण्याआधी एक तुकडा जपून ठेवा.