क्षमता नेमकी कोणाची कमी?

हवामान-कृतीच्या अहवालांत ‘स्थानिकांची क्षमताबांधणी’ हा शब्द आला की मी अडखळतो. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज आहे. जंगल राखणाऱ्या या गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्कही मिळाला. तरी बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. गावाचा अभ्यासगट कायदा वाचून बसला होता. अडलं होतं वन खात्यात. मग प्रशिक्षण कोणाला हवं होतं? भागीदारी म्हणजे अधिकार वाटून घेणं, नुसत्या कार्यशाळा मोजणं नव्हे. तुम्ही प्रश्नावलीत गावकऱ्यांची ‘जाणीवजागृती’ मोजणार असाल, तर एक रकाना कार्यालयासाठीही ठेवा. नाहीतर दोष कोणाचा, हे फिल्डवर जाण्याआधीच ठरलेलं असतं.