पट्टीवरचे एक नाव

आमच्या घरी एक कॅसेट होती. तिचे कव्हर कधीच हरवले होते आणि पट्टीवर अब्बांनी उर्दूत फक्त ‘बिस्मिल्लाह खाँ’ एवढेच लिहून ठेवले होते. शहनाई आणि व्हायोलिनची ती जुगलबंदी. अब्बा एस.टी.त होते, रात्रपाळीहून आले की चहा होईपर्यंत ती लागायची. आम्हा भावंडांच्या तोंडी तिचे नाव ‘खाँसाहेबांची कॅसेट’. व्हायोलिन कोण वाजवतो हे मी कधी विचारले नाही आणि अब्बांनीही सांगितले नाही.

बी.एड. झाले, वडूजला शिकवू लागले, त्यानंतर वाईच्या एका सहकारी गुरुजींच्या बोलण्यातून कळले की ते व्हायोलिन विष्णु गोविंद जोगांचे. जोगांचा जन्म १९२२ सालचा, वाईचा. म्हणजे पंचवीस वर्षे मी ज्याला ‘दुसरा’ समजून ऐकत होते तो माणूस माझ्याच जिल्ह्यातला निघाला. गंमत अशी की गुरुजींच्या घरी हीच जुगलबंदी ‘जोगांची’ म्हणून लागायची. तिथे खाँसाहेब सोबतीला होते!

दोन घरे, एकच वादन, आणि प्रत्येक घराने त्यातले आपले तेवढे नाव उचललेले. आपण मैफल ऐकतो तेव्हा नेमके काय ऐकतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

व्हायोलिनबद्दल आपल्याकडच्या श्रोत्यांची एक ठरलेली दाद आहे : ‘काय गातंय व्हायोलिन!’ उत्तम वादन झाले की ते गळ्यासारखे वाटले, असे म्हणायचे. ही दाद खोटी नाही. ती कुठून आली हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. आमच्या खटाव तालुक्यातले औंध हे अंतूबुवा जोशांचे गाव. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ त्यांनी सुरू केलेला संगीत उत्सव ऐंशीहून अधिक वर्षे चालत आला आहे. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गवई होते आणि व्हायोलिनवादकही. वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम, पुढे रामकृष्णबुवा वझे, अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ आणि आग्र्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडे ते शिकले. इतक्या गळ्यांची शिदोरी ज्याच्याजवळ आहे, त्याचा गज तारेवर टेकला की बंदिशीचे बोल ऐकू यावेत यात नवल नाही. त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना कुठे श्वास घ्यायचा, कुठे अक्षरावर वजन द्यायचे, हे सगळे एका गवयाने ठरवलेले जाणवते. त्यांच्यासाठी ‘गातंय’ ही दाद अगदी चपखल आहे.

जोगांना मात्र तीच दाद अपुरी पडते, असे माझे मत आहे. जोगांचे शिक्षणही गायकीच्याच वातावरणात झाले. लखनौला रातंजनकरांचा सहवास त्यांना लाभला आणि आफताब-ए-मौसीकी फैयाज खाँसाहेबांसारख्यांना त्यांनी साथ केली. पण मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडेही ते शिकले आणि तिथली तंतकारी त्यांच्या हातात उतरली. त्यांचा गज नुसता ओढला जात नाही. तो तोडतो, ठोके देतो, एका सुराचे चार तुकडे करून तबल्याच्या अंगावर टाकतो. गळ्याने हे होणार नाही, आणि ते व्हावे असा त्यांचा हट्टही दिसत नाही. व्हायोलिन हे लाकडाचे आणि तारेचे वाद्य आहे, याची त्यांना लाज वाटत नाही. अशा वादनाला ‘गळ्यासारखं’ म्हणणे म्हणजे चांगल्या गद्याला ‘अगदी कवितेसारखं’ म्हणण्यापैकी आहे. लेखक खूश होतो, पण गद्य कुणी वाचलेले नसते.

आता त्या जुगलबंदीकडे येते. शहनाईला तार नाही. भोक अर्धे झाकून, ओठांनी आणि जिभेने पत्तीवरचा दाब बदलून वादकाला मींड काढावी लागते. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट सरकवले की मींड तयार. म्हणजे एकाला जे कष्टाने मिळते ते दुसऱ्याला सहज मिळते. एखादा उतावळा वादक याचा फायदा घेऊन लांबच लांब मींडांनी शहनाईला झाकून टाकील. जोग तसे करत नाहीत. खाँसाहेबांनी एखादी जागा घेतली की ते ती पुन्हा गिरवत बसत नाहीत. त्या जागेचे शेवटचे टोक पकडतात आणि तिथून पुढे चालू लागतात. खाँसाहेब दम घेतात त्या फटीत व्हायोलिनचा एक बारीक सूर पसरलेला असतो. तो ऐकू आला नाही तर काही बिघडत नाही, पण काढून टाकला तर शहनाई एकाकी वाटेल. पंचवीस वर्षे मला तो ऐकू आला नव्हता.

याचे कारण आमचे कान वाईट होते असे नाही. कारण अभिमान हे होते. उस्ताद बिस्मिल्लाह खाँ आमच्यासाठी केवळ शहनाईवादक नव्हते. पाच वक्तांचा नमाजी, बनारसच्या मंदिरात वाजवणारा, २००१ चा भारतरत्न, असा तो आमचा तयार जबाब होता. कुणी आमच्या देशप्रेमाचा हिशेब मागितला की आम्ही खाँसाहेबांचे नाव पुढे करायचो. जबाब म्हणून वापरलेला कलावंत मग ऐकला जात नाही. वाईकडच्या घरातही वेगळे काही घडले नसावे; तिथे गावचा अभिमान होता. दोन्हीकडच्या श्रोत्यांनी आपापला माणूस घरी नेला आणि जुगलबंदी मंचावरच राहून गेली.

जोगांवर माझा एक आक्षेपही आहे. सवाल-जबाब सुरू झाले की ते कधी कधी टाळीच्या मोहात पडतात. द्रुतमध्ये तबल्याशी होणारी चकमक रंगते खरी, पण चौथ्यांदा तीच युक्ती आली की राग बाजूला बसून वाट पाहतो आहे असे वाटते. प्रत्यक्ष मैफलीत बसलेल्यांना हे खटकले नसेल. समोर माणूस हसतमुखाने वाजवत असेल तर आपणही हसतो. ध्वनिमुद्रणाला ती सवलत नाही. कोलकत्यात, जिथे त्यांची आकाशवाणीची बरीच वर्षे गेली आणि जिथे २००४ साली ते वारले, तिथल्या जाणकारांना कदाचित माझे म्हणणे उथळ वाटेल. वाटो.

बी.एड.ला आम्हाला श्रवणकौशल्याचा पाठ घ्यायला शिकवले होते : उतारा मुलांना न दाखवता ऐकवायचा, मग प्रश्न विचारायचे. मी घरी तोच प्रयोग केला. नावे न सांगता जुगलबंदी लावली. धाकट्या भावाला ऐन वरच्या सप्तकात दोन शहनाया वाटल्या. अम्मी म्हणाली, एक जण बोलतो आणि एक जण ऐकतो. कोण बोलतो, असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘बदलते रहते.’ इतकी नेमकी समीक्षा मी छापील मजकुरात वाचलेली नाही.

फूफी त्या दिवशी आमच्याकडेच होती. मौसीकी तिला मंजूर नाही. ती आली की लहानपणी टेप बंद व्हायचा, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तिचा विचार तिच्यापाशी. आतल्या खोलीत तसबीह घेऊन ती बसली होती. आवाज कमी करायला मी उठले, तोवर वादन संपलेच. संध्याकाळी भाकरी थापताना तिने मान वर न करता विचारले, ‘शहनाई तो बिस्मिल्लाह की थी. वो दूसरा कौन था?’

मी सांगितले, ‘जोग. वाईचे.’

‘वाई के?’ ती म्हणाली, आणि तवा खाली उतरवला.