‘निश्चित’ या संज्ञेचा अर्थ : ए.एल.एस.च्या निदान-निकषांचे परीक्षण

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, संक्षेपाने ए.एल.एस., या रोगाचे निदान एकाच चाचणीने करता येईल अशी सोय आजही नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने १८६९ ते १८७४ या काळात रोगाचे स्वरूप उलगडले, ते रुग्णाच्या हयातीतील लक्षणांची मरणोत्तर विच्छेदनाशी सांगड घालून. जिवंत रुग्णाच्या बाबतीत हा दुसरा पुरावा मिळत नाही. त्यामुळे निदानाचा भार निकषांवर, म्हणजे अंती व्याख्येवर पडतो. आणि व्याख्या आली की तिच्या शब्दयोजनेचे परीक्षण क्रमप्राप्तच होय.

स्पेनमधील एल एस्कोरियाल येथे १९९० साली झालेल्या बैठकीतून निघालेले निकष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शरीराचे चार विभाग कल्पिले आहेत : मुख व कंठ, मान व हात, धड, आणि कंबर व पाय. मेंदूतून खाली उतरणाऱ्या ऊर्ध्व प्रेरक चेतापेशी व तेथून स्नायूंकडे जाणाऱ्या अधर प्रेरक चेतापेशी, या दोहोंच्या विकृतीची चिन्हे एका विभागात आढळल्यास रोग ‘शक्य’, दोन विभागांत ‘संभवनीय’ आणि तीन विभागांत ‘निश्चित’ मानावा, अशी ही स्थूल रचना आहे.

या रचनेत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. रोग किती पसरला ही एक गोष्ट. वैद्याची खात्री किती ही दुसरी. पर्वतावर धूर पाहणारा नैयायिक तो तीन बाजूंनी दिसेपर्यंत अग्नीला ‘शक्य’ म्हणत थांबत नाही. येथे मात्र रुग्णाला तसे थांबावे लागले. काही रुग्ण ‘निश्चित’ या पायरीवर न पोहोचताच मरण पावले. त्यांचा रोग काही कमी खरा नव्हता.

निकषकर्त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. औषधांच्या प्रयोगांसाठी एकजिनसी रुग्णगट निवडणे हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता, आणि तेथे सावधपणा हा गुणच ठरतो. शिवाय या रोगातील बहुतेक चाचण्या ‘नेति नेति’ या पद्धतीच्या आहेत. मानेतील मणक्यांचा दाब एम.आर.आय.ने वगळायचा, मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी चेतावहनाच्या तपासणीने वगळायची. ही दुसरी व्याधी तर इम्युनोग्लोब्युलिनने सुधारू शकते. घाईचे निदान येथे घातकच होईल.

तथापि सावधपणाने विलंबाचे समर्थन होत नाही. जपानमधील आवाजी येथे २००६ साली ठरलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांनी स्नायूत सुई घालून घेतलेल्या विद्युत्-आलेखाला शारीरिक तपासणीच्या बरोबरीचे स्थान दिले, हे योग्यच झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील २०१९ च्या बैठकीने ‘शक्य’, ‘संभवनीय’, ‘निश्चित’ ही उतरंडच मोडली. वाढत जाणारी दुर्बलता, एका विभागात दोन्ही प्रकारची चिन्हे किंवा दोन विभागांत केवळ अधर पेशींची चिन्हे, आणि अन्य रोगांचा निरास, एवढे आता पुरेसे मानले जाते.

यावरही एक आक्षेप संभवतो. ‘लॅटरल’ हे विशेषण मेरुरज्जूच्या पार्श्वभागातून उतरणाऱ्या ऊर्ध्व तंतूंच्या विकृतीवरून आले. त्या विकृतीची खूण नसतानाही तेच नाव द्यावे काय? परंतु अशा कित्येक रुग्णांच्या शवविच्छेदनात ती विकृती आढळलेली आहे. चिन्ह न दिसणे म्हणजे विकार नसणे नव्हे. म्हणून हा विस्तार आम्हांस ग्राह्य वाटतो.

या वादाला केवळ शाब्दिक मानणे चूक ठरेल. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत बहुधा एक वर्षाच्या आसपास काळ जातो, आणि अनेकांचे उरलेले आयुष्यच दोनतीन वर्षांचे असते. एस.ओ.डी.१ या जनुकातील दोषाचा या रोगाशी असलेला संबंध १९९३ साली कळला. त्या दोषावरील टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते थोड्याच रुग्णांच्या उपयोगाचे आहे. परंतु मेलेल्या पेशी कोणतेच औषध परत आणत नाही. ज्या निकषाला रोग पसरल्यावाचून खात्री वाटत नाही, तो निदानाचा नव्हे, रोगाच्या प्रगतीचा निकष होय.