सामाईक विहीर आणि दाबोळीची धावपट्टी



या व्यासपीठावर मी आजवर पुस्तकांची समीक्षा केली. आज एका विमानतळाची करणार आहे. तुम्ही म्हणाल, सर, हिंगोलीत विमानतळच नाही, विमान पकडायला आपण नांदेडला जातो, मग गोव्याच्या विमानतळाशी आपला काय संबंध? संबंध आहे. पण तो शेवटी सांगेन. आधी विहिरीबद्दल बोलू, कारण विहीर इथं सगळ्यांना कळते.

समजा, दोन भावांची विहीर सामाईक आहे. सातबाऱ्यावर तशी नोंद आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. धाकट्याची पाळी असताना थोरल्याने मोटर चालू केली, तर धाकटा बांधावर उभा राहून जाब विचारू शकतो. आता दुसरं उदाहरण घ्या. विहीर शेजाऱ्याची आहे, माणूस भला आहे, तो तुम्हाला पाणी घेऊ देतो. वर्षानुवर्षं देतो. पाणी दोन्हीकडे तेच, कदाचित शेजाऱ्याकडे थोडं जास्तच. पण शेजारी एखाद्या दिवशी 'आज नको' म्हणाला, तर तुम्हाला 'का?' असं विचारता येत नाही. पहिल्या ठिकाणी तुमचा हिस्सा आहे, दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला परवानगी आहे. आजचं सगळं व्याख्यान या एका फरकावर उभं आहे.

आता गोव्यात चला. वास्को शहराजवळच्या पठारावर दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला, १९५५ मध्ये तो सुरू झाला. भारताने तेव्हा गोव्याची आर्थिक नाकेबंदी केलेली होती. त्यामुळे पोर्तुगीजांनी स्वतःची विमान कंपनी काढली आणि दाबोळीहून कराचीमार्गे थेट लिस्बनपर्यंत विमानं जाऊ लागली. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला 'ऑपरेशन विजय' सुरू झालं. भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इथं एक तपशील लक्षात ठेवा. वैमानिकांना हुकूम असा होता की धावपट्टी फोडा, पण टर्मिनलची इमारत आणि कंट्रोल टॉवर यांना धक्का लावू नका. म्हणजे युद्ध चालू असतानाही कुणाच्या तरी डोक्यात हा विचार होता की उद्या इथून आपले लोक प्रवास करणार आहेत. मला त्या हुकुमाचं फार कौतुक वाटतं.

१९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या हातात आला. 'आयएनएस हंसा' हा नौदलाचा हवाई तळ आधी कोईमतूरजवळ होता, तो १९६४ मध्ये दाबोळीला आला. त्याला कारण होतं. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९६१ मध्येच भारतात आली होती. तिच्यावरच्या विमानांना किनाऱ्यावर, समुद्राला लागून घर हवं होतं. कोईमतूरजवळ समुद्र कुठून आणणार?

तेव्हापासूनची व्यवस्था अशी आहे. धावपट्टी नौदलाची. विमान कधी उतरायचं, कधी उडायचं, याचं नियंत्रण नौदलाकडे. प्रवाशांची इमारत तेवढी विमानतळ प्राधिकरणाची. म्हणजे १९६१ च्या हुकुमात जी फाळणी होती, धावपट्टी वेगळी आणि इमारत वेगळी, तीच पुढे कायम झाली. सरकारी भाषेत अशा प्रवासी भागाला 'सिव्हिल एन्क्लेव्ह' म्हणतात. एन्क्लेव्ह म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्याच्या हद्दीने वेढलेला तुकडा. वर्तमानपत्रं 'संयुक्त विमानतळ' लिहितात, पण सरकारी शब्द जास्त खरं बोलतो. विहीर शेजाऱ्याची आहे.

सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असत. त्या वेळात प्रवासी विमानं नाहीत. मग सगळी गर्दी दुपारी आणि रात्री. आपल्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाईट देतात ना, तसंच. नंतर गोव्यात पर्यटक लाखांनी येऊ लागले, परदेशातून चार्टर विमानं येऊ लागली, २०१३ मध्ये मोठं नवं टर्मिनल झालं. पण विहीर तीच आणि पाळीही तीच.

यावर गोव्यात दोन प्रकारची टीका होते आणि माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली टीका अशी की नौदल हा पर्यटनातला अडथळा आहे, त्याने कारवारला जावं. ऐकायला सोपं आहे. माझा एक विद्यार्थी, आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातला, नौदलात विमान दुरुस्तीच्या कामावर होता. एकदा गोव्याहून परतताना माझं विमान उशिरा सुटलं. त्याच्याजवळ मी कुरकुर केली. तो म्हणाला, "सर, बोटीच्या डेकवर विमान उतरवायचं म्हणजे हलत्या खाटेवर उतरवायचं. ते आधी जमिनीवर शेकडो वेळा करावं लागतं. तुमचे दोन तास गेले, ते पोरगं चुकलं तर काय जाईल?" मी गप्प बसलो. आणि हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. १ ऑक्टोबर २००२ ला दाबोळीवर नौदलाची दोन आयएल-३८ विमानं हवेत एकमेकांवर आदळली. विमानांमधले बाराही जण गेले, खाली जमिनीवरचेही काही गेले. नौदल तिथं हौसेखातर बसलेलं नाही.

दुसरी टीका म्हणजे टीकेवरची टीका. देशाच्या संरक्षणाचा विषय आहे, प्रश्न विचारू नका. हे मला जास्त धोक्याचं वाटतं. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या शेवटी तो एक कसोटी सांगतो. ज्या कृतीचा दुसऱ्यांच्या हक्काशी संबंध आहे, त्या कृतीमागचा नियम जर चारचौघांत सांगता येत नसेल, तर ती कृती अन्यायाची आहे. नीट ऐका, तो गुप्ततेच्या विरुद्ध बोलत नाही. कुठलं विमान कुठं उभं आहे, हे गुपित राहू द्या. पण प्रवाशाला किती तास मिळणार, ते कशाच्या आधारावर, दर किती वर्षांनी पुन्हा तपासणार आणि राखून ठेवलेले तास खरंच वापरले गेले का, हा नियम गुपित का असावा?

दाबोळीवर माझा आक्षेप इथं आहे. नौदलाने वेळोवेळी सवलती दिल्या, हे खरं आहे. पण सवलत ही शेजाऱ्याची भलाई झाली. वास्कोच्या टॅक्सीवाल्याला, विमानाच्या आवाजाखाली राहणाऱ्या चिखलीच्या माणसाला, 'का?' असं विचारण्याची हक्काची जागा कुठं आहे? धोका मात्र सामाईक आहे. जानेवारी २०१८ मध्ये नौदलाचं मिग-२९के घसरलं, तेव्हा प्रवाशांची विमानंही अडकली. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईला निघालेलं प्रवासी विमान धावपट्टीवरून भरकटलं, तेव्हा धावपट्टी नौदलाचीही बंद झाली. धोका दोघांचा आणि निर्णय एकाचा, याला 'संयुक्त' म्हणता येत नाही.

हे फक्त आपलंच नाही. भूमध्य समुद्रात स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा, ग्रीसच्या क्रीट बेटावर हानिया, तिथंही एकाच विमानतळावर सुट्टीवर आलेले लोक उतरतात आणि हवाई दलाची विमानं उडतात. आपल्या जवळ पुण्याचं लोहगाव बघा. धावपट्टी हवाई दलाची. दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये ती चौदा दिवस पूर्ण बंद होती आणि त्या काळात पुण्यासारख्या शहराला विमान नव्हतं. दुरुस्ती आवश्यकच होती. मुद्दा एवढाच की पुणेकरांची स्वतःची विहीर नाही.

मग गोव्याने काय केलं? हिस्सा मागण्याऐवजी दुसरी विहीर खोदली. पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू. पण वाटेत एक मोलाची गोष्ट घडली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोपाची पर्यावरण परवानगी स्थगित केली. सांगितलं की झाडं, पाणी, पठार यांचा विचार नीट झालेला नाही, पुन्हा तपासा. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठवली. निकाल कुणाला पटो न पटो, पण तिथं सरकारला कारणं द्यावी लागली, लेखी आणि उघड. दाबोळीवर साठ वर्षांत प्रवाशाच्या वाट्याबद्दल जे झालं नाही, ते मोपाला बांधता बांधताच झालं.

आणि आता उलटी गंमत बघा. मोपाकडे विमानं जायला लागल्यावर दक्षिण गोव्यातले लोक म्हणू लागले, दाबोळी बंद करू नका! ज्याला अडथळा म्हणत होतो, त्याच्या आधारावर आपलं पोट होतं, हे तेव्हा कळलं. त्यांची भीती खरी आहे. ज्याच्याकडे फक्त परवानगी असते, त्याला तिचं पाणी कधी आटेल हे कळत नाही. सातबाऱ्यावर नाव असतं, तर निदान पंचनामा झाला असता.

आता हिंगोलीचा संबंध सांगतो. आपलं गाव छावणीचं गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथं होती. १९०३ मध्ये ते कंटिंजंट मोडलं, पण पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं आपण आजही रिक्षावाल्याला सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तोही लष्करी कारवाईने. म्हणून लष्कराबद्दल कृतज्ञता म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पण कृतज्ञता आणि हिशेब एकमेकांचे वैरी नाहीत. आपण वडिलांचे उपकार मानतो आणि वाटणीपत्रही करतो.

आज औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो प्रकल्प येतो आहे. गुरुत्वीय लहरी मोजणारी ती प्रयोगशाळा आहे, तिला आजूबाजूला शांतता लागते, जमिनीत कंपन चालत नाही. प्रकल्प व्हावा असंच माझं मत आहे, माझ्या हयातीत व्हावा असंही वाटतं. पण उद्या आसपासच्या गावांना कुणी सांगितलं की इथं अमुक करू नका, तर ते का, किती अंतरापर्यंत, किती वर्षं आणि त्याच्या बदल्यात गावाचं नाव कुठल्या कागदावर, हे आजच विचारून ठेवा. नाही म्हणणारा चांगला माणूस असला तरीही विचारा. त्याच्यानंतर येणारा कसा असेल, हे आपल्या हातात नसतं.

माझा तो विद्यार्थी आता निवृत्त होऊन गावी आला आहे. मागच्या आठवड्यात भेटला. मी त्याला हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सर, कारण सांगितलं असतं तर आमचीही निम्मी भांडणं वाचली असती." मला वाटतं, त्याचं म्हणणं माझ्या व्याख्यानापेक्षा मोठं आहे.

वेळ झाली आहे. कुणाला प्रश्न असेल तर जरूर विचारा.