व्हायोलिनचा ताफा आणि त्याचा शिक्षक

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांना सध्या पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत तुडुंब गर्दी होते. जाहिरातीत ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’ हे शब्द ठळक छापलेले असतात. पडदा वर गेला की दिसतात दोन की-बोर्ड, ऑक्टोपॅड, तबला-ढोलक, एखादी बासरी आणि कडेला एक किंवा दोन व्हायोलिनवादक. शंकर-जयकिशनच्या मूळ ध्वनिमुद्रणात जिथे व्हायोलिनचा अख्खा ताफा उसळून येतो, तिथे की-बोर्डवर बोटे पडतात आणि लाटेऐवजी एक सपाट, गोडगोड पट्टा ऐकू येतो. गायकाची एखादी हरकत निसटली तर मध्यंतरात तिची चर्चा होते, पण सबंध सेक्शन नाहीसे झाले तरी कोणी हूं की चूं करत नाही. हे न खटकणे मला त्या की-बोर्डपेक्षा जास्त खटकते.

व्हायोलिन आपल्याकडे उपेक्षित आहे, असे कोणी म्हणणार नाही. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्याला रागसंगीताच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. ‘गीतरामायणा’त सुधीर फडक्यांना साहाय्य करणाऱ्या प्रभाकर जोगांनी तर ‘गाणारे व्हायोलिन’ घराघरांत पोहोचवले. त्यांचा गज फिरला की गाण्याचे शब्द ऐकू यायचे. हे यश मोठेच आहे, पण ते एकाच दिशेचे आहे. आपण या वाद्याकडून गळ्याची नक्कल मागितली आणि ती जितकी हुबेहूब, तितका वादक थोर ठरवला. फ्यूजनबद्दल बोलण्यासारखे काही नाही. तिथे व्हायोलिन बहुधा वेगासाठी असते. पण चाळीसएक वर्षे आपल्या कानांवर राज्य केलेल्या समूहवादनाचा आपल्या संगीतसमीक्षेत अध्यायच नाही.

ही कला जवळून पाहायला हवी. दोन वादकांत एक स्टँड असतो. आतल्या बाजूच्या वादकाने पान उलटायचे, बाहेरच्याने तेवढ्या वेळात सूर तुटू द्यायचा नाही. कुठल्या स्वराला गज खाली ओढायचा आणि कुठे वर न्यायचा, याच्या खुणा सेक्शनच्या प्रमुखाने पेन्सिलीने केलेल्या असतात. त्या पाळाव्याच लागतात, कारण खाली येणाऱ्या गजाला नैसर्गिक वजन असते, वर जाणाऱ्याला ते मुद्दाम द्यावे लागते. एकाचा गज उलटा गेला तर डोळ्यांना दिसतो आणि आघातही विसकटतो. शेजाऱ्याच्या वर आवाज काढायचा नाही, शेजाऱ्याच्या खालीही राहायचे नाही. शिवाय समोरचा कागद पहिल्यांदाच पाहिलेला असला तरी तो थेट वाजवायचा, कारण ध्वनिमुद्रणाचा टेक थोड्याच वेळात असतो. हे सगळे रियाजाने येते, पण एकट्याच्या रियाजाने येत नाही. त्यासाठी लहानपणी समूहात बसवणारा शिक्षक लागतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीताला असे शिक्षक स्वतः तयार करावे लागले नाहीत. ते काम गोव्यातल्या खेड्यांनी केले. चर्चला जोडलेल्या पाठशाळेत मेस्त्रे (संगीतशिक्षक) मुलांना आधी सोल्फेज शिकवायचा, म्हणजे कागदावरचे स्वर वाचून गाणे. मग हातात व्हायोलिन यायचे. रविवारचा मिस्सा, गावचे फेस्त, घरोघरची लादीन (प्रार्थनागायन), कोणाची अंत्ययात्रा हे मेस्त्रेचे आणि त्याच्या मुलांचे वर्षभराचे व्यासपीठ. कमाई बेताची, कीर्ती गावाच्या वेशीपर्यंत. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच एका संगीतशिक्षकाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आला, नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागला आणि पुढे अरेंजर झाला. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे दोघेही त्याचे विद्यार्थी. रेसमागूशचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत गायकाच्या चालीमागून व्हायोलिनची दुसरी स्वतंत्र चाल फिरवली. वादक तिला ऑब्लिगाटो म्हणतात. ती काढून टाकली तर गाणे उभे राहते, पण ते आपल्या आठवणीतले गाणे राहत नाही. गोन्साल्विस यांनी १९५८ साली स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या समूहाकडून वाजवून घेतल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला बोलावले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर माजोर्ड्यातच राहिले आणि २०१२ मध्ये वारले. देशाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते प्यारेलालनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून वाहिलेल्या गुरुदक्षिणेमुळे. त्यांच्या रचना मात्र आपण ऐकत नाही, ऐकायला मागतही नाही.

व्हायोलिनचा ताफा का नाहीसा झाला, यावर ठरलेले उत्तर येते की सिंथेसायझर आला, खर्च वाचला, काळ बदलला. हे अर्धेच खरे आहे. यंत्राने मागणी संपवली असती, तर २०१६ साली ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत गेले नसते. करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टीला खऱ्या तारांचा आवाज हवा होता, तो मिळवण्याची ऐपत आणि हट्ट दोन्ही होते, आणि तरीही लॉस एंजेलिस गाठावे लागले. त्या संगीतकारांना मी दोष देत नाही; त्यांनी निदान फरक ओळखला. एनसीपीए या कलासंस्थेने २००६ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तेव्हाही वादकांचा मोठा हिस्सा कझाकस्तानसारख्या देशांतून आणावा लागला. ज्या शहरात एके काळी रोज सकाळी डझनांनी व्हायोलिनवादक वेगवेगळ्या स्टुडिओंकडे निघत, त्या शहराची ही गत. मागणी आहे, पैसा आहे, हात नाहीत; आणि हात नाहीत कारण ते घडवणारा मेस्त्रे राहिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पाठशाळा पोर्तुगीज राजवटीतली, चर्चच्या गरजेतून आलेली, तिथे प्रवेश ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुलांना. मग तिचे गोडवे कशाला? दारे अरुंद होती, हे मान्यच. पण शिकवणारे आणि शिकणारे गोमंतकीयच होते, आणि त्यांनी त्या विद्येतून जे केले ते परकीय म्हणणार असू, तर पेटीही परकीय म्हणावी लागेल. दार अरुंद असेल तर ते रुंद करावे. आपण दारच बुजवले.

महाराष्ट्रात ते रुंद करण्याची यंत्रणा आयती होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे जाळे गावोगाव पोहोचले आहे आणि छोट्या गावातला संगीतशिक्षक त्याच्याच आधाराने पोट भरतो. पण परीक्षा एकेकट्याची: आलाप, ताना, झाला, तबल्याची साथ. दहा मुलांनी एक पान एका गजाने वाजवणे ही विद्या आहे, असे आपल्या अभ्यासक्रमांना वाटत नाही, कारण घराण्यांच्या संस्कारात वाढलेल्या रसिकाला समूहातला वादक मुळी कलावंत वाटत नाही. तो ‘साथीदार’, त्याहून खाली ‘ऑर्केस्ट्रावाला’. ‘शोर’ चित्रपटातल्या प्रसिद्ध गाण्याचा व्हायोलिनचा तुकडा लाखोंना पाठ आहे, तो कोणी वाजवला, असे विचारणारे किती? प्रतिष्ठा नाही तिथे शिक्षक टिकत नाही.

म्हणून आयोजकांना, शासनाच्या सांस्कृतिक खात्याला आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना सांगणे एवढेच: एका स्मृतिसमारंभाच्या रोषणाईचा खर्च वाचवा. एका जिल्ह्याच्या गावी आठ मुले, आठ व्हायोलिने, चार स्टँड आणि कागद वाचायला शिकवणारा एक शिक्षक द्या, आणि त्या शिक्षकाला शाळामास्तराइतका, दरमहा, वेळेवर पगार द्या. हे होईपर्यंत जाहिरातीतला ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’ हा शब्द काढून टाका.